मेंदूतलं गळू, आणि त्याचे शेजारी

मंडळी, या शनिवारचा विषय जरा किळसवाणा आहे. ताटावर बसून वाचत असाल तर आधी जेवून घ्या. :) विषय आहे पू. आणि तोसुद्धा मेंदूतला.

गळू आपल्याला नवीन नाही. पाठीवर होतं, मांडीवर होतं, घरात कुणीतरी पोटीस बांधायला सांगतं, चार-आठ दिवसांत फुटतं आणि सुटलो एकदाचे म्हणून आपण विसरून जातो. आयुर्वेदात यालाच विद्रधी म्हणतात. पण हेच गळू कवटीच्या आत झालं तर? कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आत मेंदू, रक्त आणि थोडं पाणी, सगळं मोजून मापून भरलेलं. त्यात लिंबाएवढं गळू वाढलं की तेवढी जागा ते मेंदूकडूनच घेणार. मग डोकेदुखी, उलट्या, फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, गुंगी. आणि आतल्या आत फुटून पू मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत गेला तर जिवावरच बेततं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक रोज एक गोष्ट करतो. एरर एका मशीनवर दिसते आणि तिचं मूळ दुसऱ्याच मशीनवर निघतं. मेंदूतल्या गळवाचा इतिहास वाचताना मला सारखं तेच जाणवत राहिलं. हा आजार दिसतो मेंदूत, पण बहुतेक वेळा सुरू होतो शेजारीपाजारी. कानात, नाकाच्या सायनसमध्ये, दाताच्या मुळाशी, कधी फुप्फुसात किंवा हृदयात. शेजारी नीट ओळखले तेव्हा उपचार पुढे सरकले, आणि शेजाऱ्यांकडे दुर्लक्ष झालं तिथे माणसं मेली. आजही मरतात. आणि यात आपल्या महाराष्ट्राचाही एक भाग आहे, तो पुढे येईलच.

सुरुवात करू ग्लासगोपासून, साल १८७६. विल्यम मॅकेवेन नावाचा सर्जन, जन्म १८४८ चा, म्हणजे वय साधारण अठ्ठावीस. (आपण या वयात अप्रेझलची वाट बघत बसतो. असो.) ग्लासगोलाच जोसेफ लिस्टरकडे शिकलेला, म्हणजे जखमा आणि हत्यारं निर्जंतुक ठेवायची तेव्हाची नवीकोरी पद्धत त्याला येत होती. त्याच्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. डाव्या भुवईजवळ जखम झालेली. काही दिवसांनी ताप, मग उजव्या अंगाला झटके आणि वाचा गेलेली.

आता बघा, त्या काळी ना एक्स-रे होता, ना स्कॅन. पण पॅरिसच्या पॉल ब्रोकाने १८६१ मध्ये दाखवून दिलं होतं की बोलण्याचा संबंध मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या एका ठराविक जागेशी आहे. मॅकेवेनने दोन आणि दोन चार केले. वाचा गेली, झटके उजवीकडे, जखम डावीकडे. म्हणजे गळू डाव्या बाजूला, ब्रोकाच्या त्या जागेपाशी. त्याने सांगितलं, कवटी उघडून पू काढू द्या. परवानगी मिळाली नाही. मुलगा गेला. मृत्यूनंतर मात्र परवानगी मिळाली. जिवंतपणी जिथे छिद्र पाडलं असतं तिथेच मॅकेवेनने छिद्र पाडलं, आणि त्याने सांगितलं होतं बरोब्बर तिथेच गळू सापडलं.

मला ही गोष्ट वाचून दोन दिवस चैन पडली नाही. उत्तर बरोबर होतं. वेळेवर होतं. फक्त कुणाचा विश्वास बसला नाही. पण नाही म्हणणाऱ्यांना तरी दोष कसा द्यायचा? १८७६ मध्ये मेंदूवर ऑपरेशन म्हणजे मरणाला आमंत्रण, असंच सगळे मानत. त्याआधी मेंदूतला पू काढून रोगी वाचल्याची तुरळक उदाहरणं होती, पॅरिसच्या मोरां याने १७५२ मध्ये केलेलं ऑपरेशन त्यातलं प्रसिद्ध. पण मोरांने डोकं उघडलं तिथे बाहेरून काहीतरी दिसत होतं. आत न दिसणारं गळू नुसत्या लक्षणांवरून शोधणं हे वेगळंच काम होतं.

मॅकेवेन मात्र थांबला नाही. १८९३ मध्ये त्याने मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पुवाच्या आजारांवर मोठा ग्रंथ काढला. त्यात मेंदूतल्या गळवाची त्याने ऑपरेशन केलेली १९ माणसं आहेत, आणि त्यातली १८ वाचली. पेनिसिलिन येण्याच्या अर्धशतक आधी! त्याच्यानंतरच्या कित्येक सर्जनांना हा आकडा गाठता आला नाही. त्याचं एक कारण म्हणजे मॅकेवेन फक्त मेंदूकडे बघत नव्हता. कानामागच्या हाडाचा त्याने इतका अभ्यास केला होता की शस्त्रक्रियेत खूण म्हणून वापरतात त्या तिथल्या एका त्रिकोणाला आजही त्याचं नाव आहे. पू कुठून आला तो रस्ता त्याने आधी शोधला, मग पुवाच्या मागे लागला.

हा रस्ता नीट समजून घेऊ. आपल्या मधल्या कानाचं छत म्हणजे हाडाचा एक पातळ पापुद्रा. त्याच्या वर लगेच मेंदूचा कानशिलाजवळचा भाग, आणि मागच्या बाजूला छोटा मेंदू. कान वर्षानुवर्षं वाहत राहिला की हा पापुद्रा झिजतो. काही जणांच्या कानात तर पडद्यामागे कातडीच वेडीवाकडी वाढत जाते आणि हाड पोखरते. डॉक्टर तिला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. यात घाण वास येणारा थोडासाच पू येतो आणि बऱ्याचदा दुखत अजिबात नाही. दुखत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही. म्हणून कानातून झालेलं गळू सापडतं कानशिलाच्या भागात किंवा छोट्या मेंदूत, कपाळाच्या सायनसमधून झालेलं सापडतं मेंदूच्या पुढच्या भागात. पत्ता बघून पाठवणारा ओळखायचा, असा प्रकार.

रक्तातून येणारे जंतू मात्र कुठेही आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी उतरू शकतात. इथे हृदयाचा संबंध येतो. अंगभर फिरून आलेलं रक्त फुप्फुसांतून जातं, तिथे बारीक गुठळ्या आणि जंतू गाळले जातात. नेटवर्कच्या भाषेत फुप्फुस म्हणजे फायरवॉल. काही बाळांना जन्मतः हृदयात असा दोष असतो की थोडं अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता परस्पर शुद्ध रक्तात मिसळतं. ओठ, नखं निळसर दिसतात. म्हणजे फायरवॉल बायपास! दातातले नाहीतर हिरड्यांतले जंतू रक्तात शिरले की गाळणी न लागता थेट मेंदूपर्यंत. अशा मुलांना मेंदूत गळू होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

कानाच्या रस्त्याने गेलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस बहुधा ऑस्कर वाइल्ड. कान जुना खराब. १९०० च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला हॉटेलच्या खोलीतच त्याच्या कानाचं ऑपरेशन झालं, आणि ३० नोव्हेंबरला तो वारला. कानातला संसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता, असं बरेच अभ्यासक मानतात. आणि दैवदुर्विलास बघा, त्याचे वडील विल्यम वाइल्ड हे डब्लिनमधले नावाजलेले कानाचे सर्जन. वाहत्या कानाकडे दुर्लक्ष करू नका असं ते लोकांना बजावत आले, त्यावर १८५३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्याच मुलाचं हे असं झालं.

आता विसाव्या शतकात येऊ. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडीने सुचवलं की कवटी मोठी उघडायची गरज नाही, छोटं छिद्र पाडून सुईने पू ओढून घ्या. तरी निम्म्याच्या आसपास रोगी जातच होते. पू काढला तरी जंतू उरतातच, आणि त्यांना मारणारं औषध नव्हतं.

ते औषध म्हणजे पेनिसिलिन. दुसऱ्या महायुद्धात ते आलं, पण भारतात बराच काळ बाहेरून यायचं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिब सिंग सोखी यांचा ध्यास होता की हे औषध भारतात, सरकारी कारखान्यात, स्वस्त बनलं पाहिजे. त्यातून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९५४ मध्ये कंपनी झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. पिंपरीला आज आपण गाड्यांचं आणि आयटीवाल्यांचं गाव समजतो, पण देशाच्या प्रतिजैविकांची सुरुवात तिथली.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, आमच्या गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तेच, ज्याला सगळा मराठवाडा नुसतं 'घाटी' म्हणतो. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. मुंबईत त्याच दशकात राम गिंडे, होमी दस्तूर ही मंडळी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालत होती. म्हणजे औषध पिंपरीला, सर्जन मुंबईला आणि मराठवाड्यातला पेशंट घाटीच्या दारात, अशी ती वेळ.

पण पेनिसिलिन आलं आणि सगळं सुरळीत झालं, असं नाही हं. एक कोडं उरलंच होतं. गळवातून पू काढायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि कितीतरी वेळा रिपोर्ट यायचा, जंतू नाहीत! अहो, समोर वाटीभर पू आहे आणि जंतू नाहीत म्हणजे काय? आमच्या धंद्यात अशा बगला हायझेनबग म्हणतात. डीबगर लावला की गायब, काढला की परत हजर. इथे नेमकं तेच होत होतं. यातले बरेच जंतू ऑक्सिजन लागला की मरणारे. तोंडात, हिरड्यांच्या खोबणीत, सडक्या कानात जिथे हवा पोचत नाही तिथे राहणारे. पू उघड्या हवेत काढला की प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते खलास. १९६३ मध्ये हाइनमन आणि ब्राउड या दोघांनी हवा लागू न देता तपासणी केली आणि दाखवून दिलं की मेंदूतल्या गळवात हे जंतू मुबलक असतात.

मग त्यांच्यावर औषध कोणतं? हा भाग मला सगळ्यात आवडतो. ते औषध तुमच्या घरातल्या डब्यात असण्याची शक्यता आहे. मेट्रोनिडॅझोल, म्हणजे आपली फ्लॅजिल. जुलाब, आव झाली की डॉक्टर देतात ती. फ्रान्समध्ये १९५० च्या दशकाच्या शेवटी ती निघाली स्त्रियांच्या एका वेगळ्याच संसर्गासाठी. १९६२ मध्ये लंडनला लक्षात आलं की हे औषध घेणाऱ्या एका बाईच्या हिरड्यांचा आजारही बरा झाला. म्हणजे हिरड्यांतल्या हवेवाचून जगणाऱ्या जंतूंना ही गोळी मारते. पुढे कळलं की ती मेंदूतही छान शिरते आणि पुवातही काम करते. १९७० च्या दशकात मेंदूतल्या गळवाच्या उपचारात तिची जागा पक्की झाली. (याचा अर्थ डोकं दुखलं की फ्लॅजिल खा असा कुणी काढू नये. प्लीज.)

आता राहिला प्रश्न गळू नेमकं कुठे आहे हे बघायचा. तो सोडवला एका इंजिनियरने, त्यामुळे आमची कॉलर ताठ! गॉडफ्री हाउन्सफील्ड, इंग्लंडच्या ईएमआय कंपनीतला. हो, तीच, जिच्या एचएमव्हीच्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्यांवर आपल्या आजी-आजोबांनी नाट्यगीतं ऐकली. हा माणूस ना डॉक्टर, ना विद्यापीठाचा पदवीधर. त्याने अनेक कोनांतून एक्स-रे घेऊन कॉम्प्युटरकडून आतलं चित्र तयार करवलं. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनजवळच्या विंबल्डनमधल्या हॉस्पिटलात पहिल्या रोग्याच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९७९ चं नोबेल त्याला आणि ॲलन कॉर्मॅकला मिळालं. मॅकेवेन जे वाचेवरून आणि झटक्यांवरून ताडायचा, ते आता काळ्या-पांढऱ्या चित्रात दिसायला लागलं. मध्ये काळसर पू आणि भोवती चकचकीत कडं.

हे कडं कसं बनतं तेही सांगतो. पहिले काही दिवस नुसती सूज असते, पू धड जमलेला नसतो. साधारण दहाव्या दिवसापासून शरीर त्याच्याभोवती भिंत बांधायला घेतं, आणि दोन आठवड्यांत ती चांगली जाड होते. आपल्या देशात एक गोची अशी की क्षयाची गाठ आणि डुकराच्या टेपवर्मची अंडी पोटात गेल्यावर मेंदूत होणारी गाठही स्कॅनवर असंच कडं दाखवते. म्हणून हल्ली एमआरआयची एक खास पद्धत वापरतात, तिच्यात घट्ट पू वेगळा ओळखू येतो.

आजचा उपचार थोडक्यात असा. शक्य तितक्या लवकर सुईने पू काढायचा, म्हणजे दाबही कमी होतो आणि जंतूही कळतो. पाठीतून पाणी काढायची तपासणी मात्र इथे धोक्याची, कारण डब्यातला दाब एकदम बदलून मेंदू खाली सरकू शकतो. शिरेतून साधारण सहा ते आठ आठवडे प्रतिजैविकं, बहुतेक वेळा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि तीच आपली मेट्रोनिडॅझोल. फिट आली असेल तर तिचं औषध. आणि या सगळ्याबरोबर ज्या शेजाऱ्याकडून पू आला, त्याचा बंदोबस्त. कानामागचं सडलेलं हाड साफ करायचं, किडका दात काढायचा, हृदयाचा दोष दुरुस्त करायचा. ते राहिलं तर गळू परत येऊ शकतं. जगभरातली आकडेवारी सांगते की १९६० च्या दशकात शंभरातले साधारण चाळीस रोगी दगावायचे, आता दहाच्या आसपास.

चाळीसवरून दहा. ठीक आहे. पण त्या दहातही कुणीतरी असतोच ना. आणि वाचलेल्यांपैकी काहींना आयुष्यभर फिटच्या गोळ्या किंवा अधू हात. म्हणजे खरी लढाई कवटीच्या बाहेरच जिंकायला हवी.

आता आपल्याकडे या. मराठीत 'कान फुटला' हा इतका रोजचा शब्दप्रयोग आहे की त्यात आजार आहे असं कुणाला वाटतच नाही. पोरगं विहिरीत पोहून आलं, कान फुटला. सर्दी झाली, कान फुटला. मग कोमट तेल, त्यात लसूण, वर कापसाचा बोळा. 'मोठा झाला की थांबेल आपोआप.' कानात तेल घालून बसणं म्हणजे काही ऐकूनच न घेणं, असा वाक्प्रचार आपल्याच भाषेत आहे, आणि आपण तो अक्षरशः खरा करून दाखवतो! सुश्रुताने कानाचे २८ रोग मोजले, त्यात वाहणारा कान आणि घाण वास येणारा कान वेगवेगळे नोंदवले. म्हणजे बघणाऱ्याने तेव्हाही नीट बघितलं होतं.

सरकारला हे कळलेलं नाही असंही नाही. बहिरेपणा रोखण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे. आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत, शाळेत जाऊन तपासणी करायची, तीस प्रकारचे दोष आणि आजार शोधायचे. त्या तीसच्या यादीत काय काय आहे बघा. वाहणारा कान आहे. किडके दात आहेत. जन्मजात हृदयदोष आहे. मेंदूतलं गळू हे नाव यादीत नाही, पण त्याचे तीन मोठे शेजारी एकाच यादीत हजर आहेत. ज्या कुणी ही यादी केली त्याला माझा सलाम.

फक्त यादी चालते शाळेच्या हजेरीपटावर. आणि आमच्या बाजूला, विशेषतः बीडकडे, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबच्या कुटुंबं निघतात. पोरं आईबापाबरोबर बैलगाडीत, नाहीतर ट्रॅक्टरवर. पुढचे पाच-सहा महिने कोपीत मुक्काम. तपासणीची गाडी शाळेत आली तर पोरगं सांगली-कोल्हापूरच्या फडात, आणि परत आलं की शाळेला सुट्टी लागायची वेळ झालेली. पुस्तकातलं ज्ञान, पिंपरीचं औषध, घाटीतला स्कॅन, सगळं आहे. पण त्या पोराच्या कानात टॉर्च मारून बघणारं कुणी त्या सहा महिन्यांत त्याला भेटत नाही. १८७६ मध्ये उत्तर होतं, विश्वास नव्हता. इथे उत्तरही आहे, विश्वासही आहे, गाठच पडत नाही.

तेव्हा मंडळी, एवढं करा. घरातल्या, शेजारच्या, कामाला येणाऱ्या मावशींच्या, साइटवरच्या वॉचमनच्या पोराचा कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत असेल, वास येत असेल, तर दुखत नसला तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. कान वाहतोय आणि त्यात ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, तोल जाणं, गुंगी किंवा फिट यातलं काही आलं, तर थेट मोठं हॉस्पिटल, त्याच दिवशी. आणि दिवाळीनंतर गावाकडे कुणी ऊसतोडीला निघताना भेटलं, तर उचल किती मिळाली हे विचारताना पोरांच्या कानाचंही विचारा.

पुढच्या शनिवारी जरा हलका विषय घेऊ, कबूल.